ओरडला की थांबायचं

आमच्या घरात ज्वारी मार खाऊन यायची. हे मी वाक्य सजवायला लिहीत नाही, जसं होतं तसं सांगते. माझे वडील गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. त्याला सगळे मालक म्हणत, म्हणून मीही मालकच लिहिते. सालाची बोली थोडी रोख आणि बाकी ज्वारी अशी ठरायची, आणि ज्वारी द्यायची वेळ आली की कोठारातली सगळ्यात जुनी, पावसात भिजून काळी पडलेली रास सालगड्यांच्या वाट्याला यायची. तसल्या पिठाची भाकर थापताना कडेने चिरत जाते आणि तव्यावर टाकली की ओल्या गोणपाटासारखा वास सुटतो. तो वास मारायला माय अंबाडीच्या भाजीत मूठभर मिरच्या ठेचून घालायची. मी आणि माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ती भाकर खायचो. पोट भरायचं नाही, पण तोंड इतकं भाजायचं की आणखी मागायची इच्छाच मरून जायची. माय तेवढ्यासाठीच मिरच्या वाढवायची, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

एका वर्षी पोत्यात दाण्यांपेक्षा जाळ्या जास्त निघाल्या. माय म्हणाली, "बैलबी तोंड लावत नाई त्याले. मालकाले दाखवा तरी." बाबांनी ओंजळभर ज्वारी धोतराच्या सोग्यात बांधली आणि ते मालकाच्या खळ्यावर गेले. आम्ही दोघं मागोमाग. मालक बाजेवर बसून चहा पीत होता. बाबांनी सोगा सोडून ज्वारी त्याच्यापुढे धरली. "मालक, लेकरं बिमार पडतीन याच्यानं." एवढंच बोलले. मालकाने चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला, उठून बैलगाडीला टेकवलेली पराणी घेतली आणि बाबांच्या पाठीवर, खांद्यावर, पोटऱ्यांवर चालवली. पराणीच्या टोकाला बैलाला टोचायचा खिळा असतो. घाई नव्हती, शिवी नव्हती. नदीवर कपडे धोपटावेत तसा नुसता आवाज. सदरा फाटून आतलं लाल दिसायला लागलं तरी बाबांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. शेवटी मालकच दमला. म्हणाला, "वरडून तरी दाखव बे. वरडला असता तं कवाच सोडला असता." बाबा ओरडले नाहीत. सांडलेली ज्वारी त्यांनी सोग्यात पुन्हा भरली आणि आम्ही घरी आलो.

मायने पाठीला हळद लावली. बाबा पालथे पडून होते. तोंड जमिनीकडे ठेवूनच ते बोलले, "माझं सोताचं वावर होऊ दे. त्या दिवसापासून ज्वारीचा दाणा घरात दिसला तं हात तोडून टाकीन तुहा." मायने काय केलं होतं? काहीच नाही. पण मालकाचा हात ज्याच्यापर्यंत पोचतो त्याचा हात पुढे कुणापर्यंत तरी पोचतोच. आमच्या घरात तो मायपर्यंत पोचायचा.

माझ्या बापाने वावर केलं. हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण त्याला कुणी दिलं नाही. आधी बटईने, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, मग मालकाची पोरं शहरात गेल्यावर विकायला निघालेल्या तुकड्यांतून, दगड फोडत, विहीर खणत, दादाला शाळेतून काढून आपल्या जोडीला घेत त्याने वावर उभं केलं. विहिरीला पाणी लागलं आणि तेवढ्यात आमच्या भागात सोयाबीन आलं. चार महिन्यांत पीक हातात आणि पीक विकलं की पैसा हातात, हे आम्ही आधी पाहिलं नव्हतं. बाबांनी वावरात ज्वारीचं एक ताटही उभं राहू दिलं नाही. बैलांच्या कडब्यासाठी दोन ओळी पेराव्यात म्हणून दादाने विचारलं, तर बैलच विकून टाकले आणि ट्रॅक्टर भाड्याने लावला.

मग घराचा आवाज बदलला. पहाटेची जात्याची घरघर गेली, पाटा-वरवंटा अंगणात उपडा पडला, मिक्सर किंचाळायला लागला. कोपऱ्यात टीव्ही आला आणि बाबांची बाज त्याच्यापुढे गेली. सकाळी तूप लावलेल्या गव्हाच्या पोळ्या, दुपारी पोळ्या, रात्री पोळ्या. घाण्याचं जवसाचं तेल जाऊन पांढऱ्या तेलाचे डबे आले. साखर आधी पुडीत यायची, आता पोत्याने यायला लागली. चहा तर दिवसभर चुलीवरच असायचा, मग गॅसवर, आणि त्यात साखर इतकी की चमचा ढवळताना करकर वाजायचा. पाहुणा आला आणि चहा कमी गोड निघाला तर बाबा कप भिंतीवर फेकून मारायचे. "कंजूस समजतीन ना लोक मले." त्या भिंतीवर चहाचे ओघळ वाळलेले असायचे आणि त्यांना मुंग्या लागलेल्या असायच्या. मंगळवारी मंगरूळच्या बाजारातून जिलेबी आणि शेव यायची. पानठेल्यावरचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, पन्नीत घोटून खिशात असायचा. वावर घरापासून हाकेच्या अंतरावर, पण बाबा मोटरसायकलवर जायचे, बांधावर गाडी उभी करून तिच्यावरूनच मजुरांना शिव्या द्यायचे आणि परत यायचे. पोट सुटलं. गावात लोक त्या पोटाकडे पाहून रामराम घालायला लागले. ज्याच्या बरगड्या मी मोजल्या होत्या तो माणूस आता बाजेवर बसला की बाज करकरायची, आणि खरं सांगते, मला तेव्हा ते बघून अभिमान वाटायचा.

आज मी त्या गावात जाते तेव्हा ते पोट मला घरोघरी दिसतं. कुणी उपाशी नाही, ही चांगली गोष्ट आहे. उपाशी राहणं काय असतं हे ज्याला ठाऊक नाही त्याने जुन्या दिवसांची गाणी गाऊ नयेत. पण शेतात मजूर आणि यंत्र, घरात खुर्ची, हातात मोबाईल, खिशात पुडी आणि पोरांच्या दप्तरात कुरकुऱ्यांचं पाकीट, हे बघितलं की मला आमची ती भिंत आणि तिच्यावरच्या मुंग्या आठवतात. माझी भाचरं म्हणतात, आत्या, तू प्रत्येक लग्नात जिलेबीवरून बोलून जेवण नासवते. नासवते. मी जे पाहिलंय ते त्यांनी पाहिलेलं नाही.

मी तेव्हा मंगरूळच्या कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरातलं दहावीच्या पुढे गेलेलं पहिलं माणूस मी. बाबांनी मला शिकू दिलं ते शिक्षणाच्या प्रेमापोटी नाही. मालकाची पोरगी बारावीला बसली आणि पडली, म्हणून आपली पोरगी पदवी घेणार असं त्यांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं होतं. कारण काही का असेना, मला एसटीचा पास मिळाला. गृहअर्थशास्त्र हा विषय घेतला, कारण सोपा आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. त्याच वर्षी बाबांना तहान लागायला लागली. घागरीच्या घागरी पाणी प्यायचे, सारखे लघवीला पळायचे, मांडीवरचं गळू पिकून महिना उलटला तरी भरेना. वजन झपाट्याने उतरलं पण पोट तसंच राहिलं, आणि राग असा वाढला की दादाच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसालाच त्यांनी चप्पल फेकून मारली. शेवटी दादाने त्यांना मंगरूळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने रक्त-लघवी तपासून सांगितलं की साखरेची बिमारी आहे आणि वाढलेली आहे. गोड बंद, पोळी कमी, खर्रा बंद, रोज पायी चालायचं, आणि दोन्ही वेळा ज्वारीची भाकर.

शेवटचं वाक्य ऐकल्यावर बाबांनी बाकीचं ऐकलं नाही. ते तडक टपरीवर गेले. शेजारच्या सुदामकाकांनी तिथं जे म्हटलं ते गावभर झालं. "अरे, शुगर काय आपल्यासारख्याची बिमारी हाय? खात्यापित्या घरची हाय थे. मालकाले हाय, मंगरूळच्या सायबाले हाय, आता तुले झाली. म्हंजे तू मोठा माणूस झाला बे." सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, साखर मारके. घरी आल्यावर तेच मायला सांगितलं आणि वर म्हणाले, "मालक भाकर खाते आता, डॉक्टरच्या हुकमानं. अन् म्या पोळी खातो. देव हाय."

मी पुस्तकातलं वाचून दाखवायचा प्रयत्न केला. नसा कशा मरतात, पायाची जाण कशी जाते, जखम कशी कुजते. बाबा म्हणाले, "पोट्टी शिकली अन् बापाले कुजवाले निघाली." मायने मात्र ऐकलं. तिने शेजारून थोडं ज्वारीचं पीठ मागून आणलं आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या घरात भाकर थापल्याचा थपथप आवाज झाला. चांगल्या, नव्या ज्वारीची, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली भाकर होती ती. बाबांनी ताटाकडे पाहिलं. "हे कोनाच्या घरून आलं?" माय म्हणाली, "तुमच्या जीवासाठी हाय अवो. मनावर घ्या जरासं." पितळी ताट तिच्या कपाळावर बसलं. भुवई फाटली आणि रक्त वरणात पडलं. त्यानंतरही बाबांनी तिला केसाला धरून चुलीपर्यंत ओढलं आणि भाकर तिच्या तोंडात कोंबली. "तू खाय. तू गडीन होय. म्या गडी नाई आता." दादा मधे पडला तर त्याच्या छातीवर लाथ बसली. मला आठवतं, टीव्हीवर कुठलंसं गाणं चालू होतं आणि कुणालाच तो बंद करायचं सुचलं नाही.

हे असं महिनोन्महिने चाललं. मायचं शरीर म्हणजे बाबांच्या बिमारीचा तपासणीचा कागद झालं होतं. साखर किती चढली ते तिच्या दंडावर दिसायचं. आता मला ठाऊक आहे की साखर वरखाली झाली की माणूस चिडतो. पण मी हेही जाणते की शुगर असलेली पुष्कळ माणसं बायकोला मारत नाहीत. बिमारीच्या नावावर सगळं ढकलून मी बापाला सोडवणार नाही.

आता बिब्ब्याचं सांगते, कारण सगळं तिथंच फिरलं. आमच्याकडे टाचेला भेग पडली, काटा मोडला, पाय फाटला की बिब्बा लावतात. जंगलातून आणलेलं ते काळं फळ दाभणाला टोचायचं आणि दिव्याच्या ज्योतीवर धरायचं. आतलं तेल उकळतं, फसफसतं आणि थेंब गळायला लागतात. तो जळता थेंब भेगेत सोडायचा. आता किती सोडायचा, याचं माप काय? माप एकच. ज्याच्या पायाला लावतात तो ओरडतो. ओरडला की थांबायचं. आजीने मायला तेच शिकवलं होतं आणि तिच्या आजीने तिला. वावरात अनवाणी फिरणाऱ्या माणसाचे तळवे चामड्यासारखे असतात, तरी तो दुसऱ्या-तिसऱ्या थेंबाला ओरडायचाच. मी स्वतः लहानपणी ओरडले आहे. या उपायाने आमच्या गावातले कित्येक पाय बरे झाले, हे मी नाकारत नाही. पण तो उपाय दुखणाऱ्या पायासाठी होता.

दादाच्या लग्नासाठी बाबांनी चामड्याचे कडक बूट घेतले. मालकाच्या पायात असायचे तसे. तीन दिवस लग्नाच्या धामधुमीत ते पायातून काढले नाहीत. काढले तेव्हा डाव्या टाचेला रुपयाएवढी जखम होती आणि मोजा तिला चिकटला होता. दुखत कसं नाही, असं आम्ही विचारलं, तर म्हणाले, "मरदाचा पाय हाय, नाजूक नाई." मायने अंगणात दिवा लावला, बिब्बा काढला. सुदामकाका, आणखी दोन शेजारी, लग्नाला आलेले पाहुणे, सगळे बाजेभोवती बसले होते. पहिला थेंब पडला, चर्र आवाज झाला, मांस जळाल्याचा वास आला. बाबा खर्रा चघळत होते. दुसरा, तिसरा. माय वर बघायची, बाबा ओरडतात का म्हणून, आणि ते ओरडत नव्हते. "लाव वं, अजून लाव," ते म्हणाले. "म्या मालकापुढं वरडलो नाई, तुह्या बिब्ब्याले वरडीन?" सुदामकाकांनी मांडीवर थाप मारली. "मरद गडी हाय बाप्पा. असा माणूस पाह्यला नाई." मायने आणखी लावला. तिला वाटलं, अजून पोचला नसेल.

मी कॉलेजातून येऊन दारात उभी होते. ते बघितलं आणि मला कळून चुकलं, कारण आदल्याच आठवड्यात परीक्षेसाठी मी तेच पुन्हा घडाघडा पाठ केलं होतं, पायाची जाण जाते. मी धावत जाऊन मायच्या हातातलं दाभण ओढलं. बिब्बा माझ्याच मनगटावर फुटला. मी किंचाळले, आणि त्या किंचाळण्यावर सगळे हसले. "बाबा, तुमाले दुखत नाई म्हंजे पाय मेला हाय," मी ओरडून म्हटलं. पाहुण्यांसमोर. बाबांनी चांगला पाय उचलून माझ्या पोटात घातला. मी तुळशीच्या ओट्यावर आदळले. "मेला म्हणते, बापाचा पाय मेला म्हणते," असं म्हणत ते उठले आणि त्या जळलेल्या टाचेवर जोर देऊन माझ्यापर्यंत चालत आले. एक पाऊल लंगडलं नाही. पाहुणेही मग हसायचे थांबले.

पुढचं थोडक्यात सांगते. आठ-दहा दिवसांत टाच काळी पडली, काळं घोट्यापर्यंत चढलं, आणि घरात असा वास भरला की कुत्री दारात येऊन बसायला लागली. दादाने आणि दोन माणसांनी बाबांना जीपमध्ये दोरीने बांधून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, कारण ते जायला तयार नव्हते. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाबांनी सलाईनचा स्टँड उपटून भिरकावला. एका वॉर्डबॉयचा ओठ फुटला. "मान काप," ते ओरडत होते, "पाय नोको कापू, मान काप." चार जणांनी त्यांना पलंगाला दाबून धरलं. कागदावर अंगठा कुणी द्यायचा म्हणून विचारणा झाली. दादा भिंतीकडे तोंड करून रडत होता. मायने न विचारताच पुढे होऊन अंगठा शाईत बुडवला. तेव्हा तिच्या भुवईवरचा व्रण अजून गुलाबी होता. त्याच माणसाला वाचवायला तिने अंगठा दिला, आणि तिने तो विचार न करता दिला असं कुणी समजू नये. ती नंतर मला म्हणाली होती, "मी लय इचार केला. मेला असता तं सुटली असती म्या. पन मग पुरं आयुष्य मार कायले खाल्ला?"

आम्ही निघताना डॉक्टरने मला बाजूला घेतलं, कारण आमच्यात कॉलेजात शिकणारी मीच. त्यांनी स्पष्ट सांगितलं की साखर अशीच राहिली तर उजवा पायही जाईल आणि त्यानंतर माणूस फार दिवस काढत नाही. मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि जिलेबी मागवली. कुबडी आली होती, तिचा उपयोग चालायला कमी आणि मारायला जास्त व्हायला लागला. नवी वहिनी बिचारी स्वयंपाकघरातून बाहेर पडायची नाही. कुबडीचा टक टक आवाज आला की गोठ्यातलं वासरूसुद्धा दावं ताणून कोपऱ्यात जायचं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा उजव्या अंगठ्याच्या टोकाला एक काळा फोड आला. बाबांना तो कळलाच नव्हता. आंघोळीचं पाणी घालताना मायला दिसला. दुपारी तिने भाकर आणि मेथीची भाजी वाढली, ताट समोर ठेवलं आणि ताटासमोरच बसली. "खा," ती म्हणाली. बाबांनी कुबडी उलटी धरून फिरवली. तिने हात आडवा केला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. माय बसल्या जागी वाकली. मग उठली. डाव्या हाताने तिने कुबडी त्यांच्या हातातून खेचली, इतक्या सहज की बाबा बघतच राहिले, आणि त्यांच्या पाठीवर घातली. आधी एक. मग दुसरी. मग ती मोजायच्या पलीकडे गेली. दादा धावला, त्याला मी दोन्ही हातांनी कव घालून अडवलं. तो म्हणाला, "सोड, माय मारून टाकीन त्याले." मी सोडलं नाही.

बाबांनी दात आवळले होते. तेच जुने दात, तीच पाठ. "वरडा," माय म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मालकापुढं वरडले नाई. बिब्बा लावला तवा वरडले नाई, पाय गेला. आता वरडा. तुमी वरडल्याबगर म्या थांबत नाई."

"सोड ना वं," बाबा म्हणाले.

"हे वरडनं नोहे."

पुढचा फटका खांद्यावर बसला आणि माझा बाप ओरडला. आजवर मी त्याला शिव्या देताना, धमकावताना ऐकलं होतं, पण दुखलं म्हणून ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. लहान पोर पडल्यावर ओरडतं तसं, आई गं नाही, देवाचं नाव नाही, नुसतं तोंड उघडून. मग ते रडायला लागले. मायने लगेच कुबडी भिंतीला टेकवून ठेवली. धापा टाकत ती त्यांच्यापुढे बसली, मोडलेला हात मांडीवर धरून. "दुखलं?" तिने विचारलं. त्यांनी मान हलवली. "मंग वाचसान," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चाल पोरी, मंगरूळले नेय मले, हात बसवाचा हाय."

मी पुढे शिक्षिका झाले तेव्हा वर्गात पोरींना शिकवलं की मारणं हा उपाय नव्हे, आणि ते मनापासून शिकवलं. त्या दुपारचं काय करायचं, ते मला आजही ठरवता येत नाही. बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्या कुबडीने बाबांची साखर उतरवली नाही. ती पुढे गोळ्यांनी, भाकरीने आणि चालण्याने उतरली. पण त्यांच्या डोक्यात मालक बसला होता, आणि डॉक्टर, माय, मी, भाकर, जे कुणी काही सांगेल ते सगळं त्यांना मालकासारखंच दिसायचं. तो मालक त्या दुपारी उठून गेला. आम्ही मायच्या हाताला प्लास्टर घालून संध्याकाळच्या एसटीने परतलो तेव्हा ताट रिकामं होतं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मामंजींनी खाल्लं. पानी मागतलं अन् झोपले."

दुसऱ्या दिवशी मी फोडाला औषध लावत होते तेव्हा बाबा म्हणाले, "मले तं कळत नाई खाली काय चाललं. तू पाह्यत जा." मी दाढीचा आरसा घेतला, तळव्याखाली धरला आणि त्यांनाच दाखवला. जो पाय सांगत नाही तो बघावा लागतो, असं मी त्यांना म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी, बिनसाखरेच्या चहाच्या आधी, अंगणात हा कार्यक्रम व्हायला लागला. बोटांच्या मधे, टाचेला, नखांच्या कडेला. मी कॉलेजला गेले की वहिनी बघायची. पहिले काही महिने बाबा मान फिरवून बसायचे. मग स्वतःच वाकून बघायला लागले. मग टपरीवर दुसऱ्यांचे पाय बघायला लागले. सुदामकाकांच्या पायाला चीर दिसली तर म्हणाले, "टोचून पाह्य बे सुद्या. दुखलं नाई तं दवाखान्यात जाय, मरदानगी नोको दाखवू." सुदामकाका चिडले. गेले मात्र. त्यांनाही शुगर निघाली. मोटरसायकल दादाकडे गेली आणि बाबा कुबडीवर वावरापर्यंत चालत जायला लागले, थांबत, शिव्या देत, घामाने भिजत. रोज.

ते सुधारून संत झाले, असं काही नाही. भाकर पाहिली की तोंड वाकडं करायचे, सणाला पुरणपोळी चोरून खायचे आणि पकडले गेले की आरडाओरडा करायचे. ओरडायला मात्र आता शिकले होते. पायात काटा रुतला तरी, कंबर धरली तरी, मोकळेपणाने ओरडायचे, आणि आम्ही थांबून बघायचो.

माझ्या बापाचा उजवा पाय शेवटपर्यंत त्याच्या अंगाला राहिला. ज्या दिवशी बाप गेला त्या दिवशी सकाळीही तो वावरात जाऊन आला होता. त्या दुपारनंतर मायच्या अंगावर कुणाचाही हात उठला नाही. मायने कुबडी उचलली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली.